दोनचं दूध

सिस्टर : मग ‘धोशा’ कुठे घातलात? मला नाही दिसला.

ताई : आहे. ‘भुणभुण’ आणि ‘तगादा’ यांच्या मधे. तुम्ही कागद तिरका धरलाय.

सिस्टर : हां, दिसला. हात ओले आहेत हो, दोन बोटांत धरलाय. बाप रे, केवढे शब्द! आणि सगळ्यांचा अर्थ एकच?

ताई : अर्थ एक नाही, कूळ एक. गटाचं नाव ‘मोठ्याने किंवा घाईने मागणे’. आमच्या समानार्थी कोशात गटातले शब्द पायऱ्यांनी लावतात. सगळ्यात हळू तो खाली, सगळ्यात मोठा तो वर. येत्या सोमवारी पान द्यायचंय.

सिस्टर : आणि ते काम इथे? पाळण्याशेजारी, मांडीवर कागद घेऊन?

ताई : पाच आठवडे मी इथेच असते. दुसरीकडे कुठे बसू?

सिस्टर : तेही खरंच म्हणा. तुमचे साहेब काही बोलत नाहीत?

ताई : संपादक रोज फोन करतात. ‘तगादा’साठी उदाहरण शोधावं लागलं नाही.

सिस्टर : अगंबाई! विनोद करता येतो की तुम्हाला. पाच आठवड्यांत पहिला. थांबा, तक्त्यात लिहूनच ठेवते.

ताई : तक्त्यात तिचं लिहा, माझं नको.

सिस्टर : शब्दच हवे होते तर मला विचारायचं. या वॉर्डात काय तोटा आहे? तीन नंबरच्या पाळण्याचे बाबा. दारातून डोकं आत घालून दिवसभर एकच, ‘डॉक्टर कधी येणार, डॉक्टर कधी येणार.’ हा झाला तुमचा धोशा. बाहेरच्या बाकावर ते सात जणांचं कुटुंब असतं ना, सगळी एकाच वेळी बोलतात...

ताई : गलका. एकट्याचा गलका होत नाही.

सिस्टर : आणि आमचे सात नंबरचे राजे. वजन दोन किलो, आवाज लिफ्टपर्यंत. दुधाला पाच मिनिटं उशीर झाला की...

ताई : टाहो.

सिस्टर : टाहो! बरोबर. अहो, काय झालं?

ताई : काही नाही. त्याचा आवाज मला पाठ झालाय. आधी एक बारीक ‘ॲ’ येतो. मग श्वास घेतो. मग सुटतो. त्याच्या त्या श्वासाच्या वेळी मी रोज छटाककडे बघते. वाटतं, ऐकून ऐकून शिकेल.

सिस्टर : कसली छटाक आता? आली तेव्हा एक किलो तीनशे होती, तेव्हा शोभत होतं नाव. आज सकाळी एक किलो नऊशे चाळीस. दोन शेर म्हणा चांगलं.

ताई : ते नळीचं काम आहे. नाकात नळी, नळीला सिरिंज, दर तीन तासांनी अडतीस मिली. तिला काही करावंच लागत नाही. झोपेतच पोट भरतं.

सिस्टर : किती वाजले?

ताई : एक बेचाळीस.

सिस्टर : डॉक्टर सकाळी काय म्हणाले ते नीट ऐकलंत ना? दोन वाजता आजी येतील, त्यांना तुम्हीच सांगायचं. मला धारेवर धरतात त्या.

ताई : दोनचं दूध नळीतून द्यायचं नाही. तीनपर्यंत थांबायचं. ती आपणहून जागी होऊन मागते का बघायचं. मागितलं तर छातीशी घ्यायचं. तसं दिवसभर जमलं तर नळी निघेल, आणि चार-पाच दिवसांत घरी सोडतील. तीनपर्यंत नाही मागितलं तर नळीतून दूध, आणि उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात. डोक्याचा स्कॅन. तिथे किती दिवस ते सांगितलं नाही.

सिस्टर : तपासणी असते हो नुसती. सगळ्यांचं काही निघत नाही त्यात.

ताई : सोमवारी नाही मागितलं. बुधवारी नाही मागितलं. आज तिसरी वेळ. डॉक्टर म्हणाले, एव्हाना भुकेने जाग यायला हवी. ‘हवी’ म्हणाले. ‘येईल’ नाही म्हणाले.

सिस्टर : तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे जपून बोलायला हवं. पण ती रडते की. परवा रक्तासाठी टाचेला टोचलं तेव्हा...

ताई : ते दुखण्याचं रडणं. त्याला समोर कुणी लागत नाही. दुधासाठी रडायचं तर आपलं कुणीतरी ऐकतंय, हे आधी ठाऊक असावं लागतं. तिला ते ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही.

सिस्टर : फार विचार करता तुम्ही. हे घ्या तुमचं पान. आणि ‘ठिय्या’ का नाही यात? आमच्या मावशींनी मारला होता मागे, नवे डगले मिळावेत म्हणून. तोंडातून शब्द नाही. नुसत्या ऑफिसच्या दारात बसल्या तासभर.

ताई : आवाज नाही ना त्याला. म्हणून या गटात बसत नाही.

सिस्टर : आवाज नव्हता, पण डगले आले! घालून बघा कुठेतरी.

ताई : मला हे पानच नकोसं झालंय, सिस्टर. बावीस शब्द आहेत. त्यातला एकही प्रेमाने ठेवलेला नाही. कटकट, किरकिर, भुणभुण, हेका. सगळे ऐकणाऱ्याने वैतागून ठेवलेले. मागणाऱ्याला काय होत असतं, ते कुणी विचारलेलंच नाही. आणि आपल्याकडे कुणी काही मागावं म्हणून जो वाट बघत बसलाय, त्याच्यासाठी तर एकही नाही.

सिस्टर : त्याला शब्द कशाला लागतो? असं माणूस दुरून ओळखू येतं.

ताई : आमच्या वरच्या मजल्यावर एक बाळ होतं. छटाक पोटात असताना. दिवसभर रडायचं. मी पानं तपासायला बसले की वरून सुरू. एक दिवस मी जाऊन त्यांची बेल वाजवली.

सिस्टर : तुम्ही? बेल? तुम्हाला इथे पंखा मोठा करा म्हणायला तीन दिवस लागले.

ताई : एकदाच वाजवली. त्याची आई बाहेर आली. केस विस्कटलेले, खांद्यावर ते, तोंड लाल करून रडतंय. मी म्हटलं, ‘जरा बघता का?’ ती म्हणाली, ‘बघतेच आहे हो.’ एवढंच. मी सॉरी म्हणून खाली आले. आता दुपारी डोळे मिटले की तो आवाज आठवते. मुद्दाम आठवते. त्याच्या आईला कसलं म्हणजे कसलं सुख होतं, आणि मी ते बंद करायला गेले होते.

सिस्टर : तिला विचाराल तर ती नाही म्हणणार सुख. ताई, मला कटकट करणारी चार आहेत इथे, विकत देऊ का एखादं?

ताई : मला हिचीच हवी. हिने माझा पिच्छा पुरवावा. मी हातातलं काम टाकून धावावं, आणि तरी हिने म्हणावं, उशीर झाला.

सिस्टर : बरं, बरं. डोळे पुसा. त्या बघा काचेपलीकडे आजी. आणि टोपी उलटी घातलीय.

आजी : येऊ का गं आत? ही टोपी म्हणजे माझंच बारसं केल्यासारखं झालंय. तीन वेळा हात धुवायला लावले दारावरच्या त्या पोरीने. म्हटलं, बाई, उरलेत तेवढे हात राहू देत. झोपलीय का?

ताई : झोपलीय, आई. हळू बोल.

आजी : शहाणी गं माझी ती! अगदी आईवर गेलीय. सिस्टर, सांगते तुम्हाला, हिचा आवाज म्हणून नव्हता. ठेवली पाळण्यात की ठेवली. लोक विचारायचे, ‘घरात बाळ आहे ना नक्की?’ मोठी झाली तरी तेच. बाजारात नेली तर कधी बोट दाखवून हे हवं, ते हवं नाही. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

सिस्टर : आजी, ही कौतुकं आज बाजूला ठेवा. आज आपल्याला शहाणी नको. आज आपल्याला भांडखोर हवी.

आजी : म्हणजे?

ताई : आई, ऐक. आज नळीतून दूध नाही. तिने मागायचंय.

आजी : एवढ्याशा जिवाने मागायचं? आणि नाही मागितलं तर उपाशी? हे कुठलं शास्त्र?

सिस्टर : एक तास उशीर झाल्याने काही होत नाही तिला. बुधवारी साखर बघितली होती, छान होती. आता दोन वाजले, तीनला काहीही झालं तरी दूध देणार. मी इथेच आहे, घड्याळ समोर आहे. शपथ घेऊ का?

आजी : शपथ नको. तुम्ही कर्त्यासवरत्या आहात. पण माझा जीव तिळतिळ तुटतोय, त्याचं काय करू?

ताई : हलली.

आजी : कुठे?

ताई : दोन वाजून चार मिनिटं. पापणी, मग जीभ. थांब गं. शू... शू... शू... बघ, झोपली परत.

सिस्टर : ताई, आत्ता काय केलंत?

ताई : थोपटलं. दचकून जागी होते ना, म्हणून. हात ठेवला की शांत होते.

सिस्टर : आणि ते वहीत काय लिहिलंत?

ताई : नोंद. मी रोजच ठेवते. तुम्हाला चार पाळणे बघायचे असतात, म्हणून हिचं मी लिहून ठेवते. वेळ, हालचाल, शू-शी, सगळं.

सिस्टर : द्या बघू इकडे. सोमवारचं पान कुठलं?

ताई : खूण घातलीय तिथे.

सिस्टर : ‘सोमवार. एक वाजून बावन्न, जीभ बाहेर. थोपटले. शांत. दोन वाजून सहा, मूठ तोंडाकडे. थोपटले. शांत. दोन एकोणीस, डोके डावीकडे, उजवीकडे. थोपटले. शांत. दोन चाळीस, गाढ झोप. तीन, नळी.’

ताई : बरोबर आहे. मिनिट चुकलेलं नाही.

सिस्टर : ‘बुधवार. एक अठ्ठावन्न, पापण्या, जीभ. थोपटले. दोन अकरा, मूठ चोखते. मूठ हळूच काढली. थोपटले. शांत.’ ताई, मूठ का काढलीत?

ताई : नखं लागतात तिची तिलाच. काय झालं? असं का बघताय?

सिस्टर : खाली बसा आधी.

ताई : बसलेलीच आहे मी. सांगा.

सिस्टर : तुमच्या शब्दांना पायऱ्या आहेत ना? तशा यांच्या मागण्यालाही असतात. आधी पापण्या फडफडतात. मग जीभ. मग हात तोंडाशी. मग डोकं इकडून तिकडे, शोधत. मग कुरकुर. आणि एवढं सगळं करून कुणी बघितलंच नाही, तर रडणं. रडणं सगळ्यात वरची पायरी. हिने सोमवारी तीनदा मागितलं. बुधवारी दोनदा. तुम्ही दर वेळी थोपटून झोपवलीत.

ताई : नाही.

सिस्टर : तुमच्याच अक्षरात आहे.

ताई : नाही, मी... मी तिच्या शेजारून हलले नव्हते. एक मिनिट नाही.

सिस्टर : म्हणूनच तर. हलला असतात तर रडून मागितलं असतं तिने. अहो, चूक माझीपण आहे. मी लांबून बघायची, आई शेजारी, हात अंगावर, बाळ झोपलेलं. तक्त्यात लिहायची, ‘शांत’. डॉक्टर तक्ता वाचतात. तक्त्यात शांत म्हणजे मागितलं नाही.

ताई : म्हणजे ती सांगत होती. आणि मी... सिस्टर, मग आत्ताही! आत्ता जीभ काढली ती! घेऊ तिला? लगेच घेऊ?

सिस्टर : आता झोपवलीत ना. झोपेत छातीशी लावली तर नुसती चिकटून राहील, ओढणार नाही, आणि दमेल. पुरती जागी होऊ दे. आता एकच करायचं. हात मागे.

ताई : किती मागे?

सिस्टर : मांडीवर. दोन्ही. आणि वहीपण मिटा.

आजी : अहो, हे काय चाललंय? आईने हात बांधून बसायचं? लेकरू चुळबुळ करेल आणि ही बघत बसेल? मी थोपटते हवं तर.

सिस्टर : आजी, तुम्ही तर दोन पावलं मागेच या. तुमचे हात हिच्यापेक्षा धोक्याचे.

ताई : आई, ये मागे. माझा हात धरून बस. घट्ट धर.

आजी : गार पडलाय गं तुझा हात.

ताई : मी तिला शिकवत होते, आई. मागितलं की झोपायचं, हे. पाच आठवडे रोज शिकवलं. मला वाटत होतं, मी किती नीट करतेय.

आजी : तू शिकवलंस कसलं? ते तर...

ताई : काय?

आजी : काही नाही.

ताई : मला कोण थोपटायचं, आई?

आजी : आता हे कुठून निघालं?

ताई : तूच म्हणालीस ना, माझा आवाज नव्हता. आवाज नाही असं बाळच नसतं. इतकी वर्षं मी ते ऐकतेय आणि मला कधी प्रश्नच पडला नाही. मला कोण झोपवायचं?

आजी : शेजारच्या काकू. मी दीड महिन्यात कामावर परत गेले. जावंच लागलं, तुझ्या बाबांचं तेव्हा काही धड नव्हतं. काकूंकडे तू दिवसभर. बाई मायाळू होत्या, पण काका आजारी, खाटेवर. त्यांना आवाज सोसायचा नाही. मग तू जरा वळवळलीस की काकू थोपटायच्या. मी संध्याकाळी यायची तेव्हा तू पाळण्यात टक्क डोळे उघडून पडलेली. गप्प. काकू म्हणायच्या, ‘काही त्रास नाही हो पोरीचा.’ मी तेच लोकांना सांगत सुटले. शहाणी, शहाणी.

ताई : मग मी रडायचे की नाही?

आजी : खरं सांगू? मला ठाऊक नाही. मी ऐकायला नव्हतेच गं तिथे. कधीकधी कामावर बसल्या बसल्या वाटायचं, आत्ता रडत असेल. मशिनचा आवाज एवढा, की माझा मलाच ऐकू यायचा नाही, आणि तरी वाटायचं, रडतेय. घरी येऊन बघावं तर तू गप्प. मग बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की आत कुठेतरी खट्टू व्हायचं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

ताई : मला का नाही सांगितलंस?

आजी : तू विचारलंस कुठे कधी? तू कधी काही विचारलंच नाहीस.

सिस्टर : तुम्ही दोघी बोलत राहा. आवाजाने काही बिघडत नाही. मी सात नंबरच्या राजांचं दूध लावून येते. हात मात्र...

ताई : मांडीवर आहेत.

(घड्याळात दोन तेवीस, मग दोन एकोणतीस.)

आजी : हलली बघ.

ताई : बघतेय.

आजी : पापण्या. त्या म्हणाल्या ना, आधी पापण्या.

ताई : हो. आता जीभ. सिस्टर!

सिस्टर : आले. बघतेय मी. हात.

ताई : हात मागे आहे. माझा हात मागेच आहे. मूठ वर नेतेय ती. सिस्टर, तोंडात जात नाहीये तिची मूठ, गालावर लागतेय.

सिस्टर : लागू दे. तिची तिला सापडेल.

आजी : अगं, जरा सरकवा ना कुणीतरी तो हात! एवढासा तर हात आहे!

सिस्टर : आजी!

आजी : नाही, काही नाही. मी गप्प.

ताई : डोकं फिरवतेय. डावीकडे. माझ्याकडे नाही, पलीकडे शोधतेय. मी इकडे आहे गं. सिस्टर, मी इकडे आहे हे तिला कसं कळणार?

सिस्टर : बोला की मग. बोलायला कुणी मनाई केलीय? फक्त थोपटायचं नाही.

ताई : छटाक. ए छटाक. इकडे. मी इकडे आहे.

आजी : वळली! तुझ्याकडे वळली गं!

ताई : डोळे मिटतेय. नको ना मिटू. सिस्टर, डोळे मिटले तिने. झोपली ही.

सिस्टर : थांबा.

ताई : तोंडही मिटलं. दोन चौतीस. संपलं. बुधवारीही असंच...

सिस्टर : बुधवारी तुमचा हात होता. आज नाही. थांबा म्हणते ना.

ताई : मला जमत नाहीये. मी बाहेर जाते. मी इथे असले तर मी हात लावणार.

सिस्टर : कुठेही जायचं नाही. तिने डोळे उघडले आणि समोर मी दिसले तर? मी काय, मी सगळ्यांचीच. बसा.

आजी : बस गं. मी धरलाय तुझा हात. सोडत नाही.

ताई : कपाळाला आठी पडतेय तिच्या.

सिस्टर : पडू दे.

ताई : ओठ थरथरतोय. खालचा. सिस्टर, तिला वाटत असेल कुणीच नाही. तिला वाटत असेल मी गेले.

सिस्टर : तसं वाटत असतं तर आठी कशाला घातली असती? रागावलीय ती. कुणावर रागावतं माणूस?

आजी : अगं बाई. अगं बाई, तोंड उघडलं. एवढं मोठं! आवाज का नाही येत? आवाज का नाही येत, सिस्टर?

सिस्टर : श्वास घेतेय, आजी.

ताई : हो. श्वास घेतेय.

आजी : आला! आला गं! ऐकलंस? हे हिचं? हा हिचा आवाज? एवढासा जीव आणि... सिस्टर, तुम्ही ऐकलंत ना?

सिस्टर : मी काय, तीन नंबरच्या बाबांनीपण ऐकलं. डोकं आत आलंय त्यांचं. अहो, तुम्ही जा बाहेर, इथे काही झालेलं नाही!

आजी : थांबत नाहीये. चढतोय आवाज. रड गं माझी बाय, रड! घसा फोडून रड!

सिस्टर : दोन एकेचाळीस. ताई, आता कशाची वाट बघताय? घ्या.

ताई : घेऊ?

सिस्टर : मग काय आमंत्रण छापून देऊ? मानेखाली हात. हां. नळी अडकेल, मी धरते नळी. असं आडवं. पोट पोटाशी.

ताई : अजून रडतेय. माझ्यावर ओरडतेय ती.

सिस्टर : ओरडणारच. किती दिवसांचं साचलंय. तोंड मोठं उघडलं की लगेच जवळ आणा. आत्ता! ...लागली.

आजी : काय झालं? गप्प का झाली?

सिस्टर : तोंड भरलंय आजी, बोलेल कशी? ताई, गळ्याकडे बघा तिच्या. गिळतेय?

ताई : एक. दोन. तीन... थांबली.

सिस्टर : श्वास घेते मधे. हलवू नका.

ताई : चार. पाच. जोरात ओढतेय. दुखतंय, सिस्टर.

सिस्टर : दुखणार थोडं. काढू?

ताई : नाही. नाही, मुळीच नको.

आजी : माझ्या अंगावर बघ काटा आलाय. तुझ्या वेळेला मी हे... जाऊ दे.

ताई : बोल ना.

आजी : तुझ्या वेळेला मी हे असं बसून बघितलंच नाही. दूध पाजताना घड्याळाकडे बघायची, बस चुकेल म्हणून. तू तेवढ्यात पिऊन घ्यायचीस. वाटायचं, हिला कळतं माझं.

ताई : कळत असेल.

आजी : दीड महिन्याच्या पोरीला कळू नये गं ते.

सिस्टर : नऊ मिनिटं झाली. सुटली बघा आपणहून. हात सैल पडले, मुठी उघडल्या. पोट भरल्याची खूण ही. एक वाजता घेतलं होतं, आता परत वजन करते तिचं, किती गेलं ते कळेल. द्या. ...छत्तीस ग्रॅम जास्त. म्हणजे जवळजवळ सगळं प्यायली. नळी आज या वेळेला लागलीच नाही.

ताई : मग नळी काढणार?

सिस्टर : लगेच नाही. खोटं कशाला सांगू? एका वेळेवर डॉक्टर ऐकत नाहीत. पाचला, आठला, उद्या सकाळी, असं सगळं जमायला हवं. दमली तर एखादं दूध नळीतून द्यावंही लागेल. पण तक्त्यात आज मी ‘शांत’ लिहिणार नाही.

ताई : काय लिहिणार?

सिस्टर : ‘दोन एकेचाळीस, भुकेने जागी होऊन रडली.’ साधंच लिहितो आम्ही. आणि हात मागे घ्यायचा, तेही लिहिते, रात्रीच्या सिस्टरसाठी.

ताई : उद्याचं मोठं हॉस्पिटल?

सिस्टर : डॉक्टर चारला येतात. तक्ता मी स्वतः त्यांच्या हातात देते, आणि तुमची वहीपण. सोमवार-बुधवारची पानं दाखवते. मला नाही वाटत ते पाठवतील म्हणून. पण माझं वाटणं वेगळं, त्यांचं सांगणं वेगळं.

ताई : आणि पाचला नाही रडली तर?

सिस्टर : तर सव्वापाचला रडेल. तुम्ही जरा त्या खुर्चीतून उठा आता. पाठ मोडली असेल. मी इथे आहे ना.

ताई : उठवत नाही. वाटतं, मी उठले आणि नेमकी...

सिस्टर : नेमकी रडली, तर मी हाक मारेन. मलापण ओरडता येतं. चला, अर्धा तास बाहेर.

आजी : चल गं. वारा लागू दे अंगाला. अशी काय बघतेस माझ्याकडे? काही हवंय का?

ताई : हो. आई, मला भूक लागलीय.